वसुधाताईंचा दुसरा अर्ज

वसुधाताईंच्या समीरचा फोन ऑफिसात आला. "मावशी, आई इज गॉन..." एवढंच म्हणाला. त्याला पाच आठवडे झाले. अजून मला एका जागी धड बसवत नाही. दुःख आहेच, पण त्याहून जास्त एक रुखरुख आहे.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत आम्ही वर-खाली राहायचो. ताई मूळच्या नागपूरच्या. नवरा लवकर गेला, मुलगा कॉलेजात. एका कारखान्यात त्या रेडिओच्या भागांना सोल्डरिंग करायच्या. संधिवातानं बोटं वाकली, काम सुटलं, सरकारी अपंगत्व-भत्ता सुरू झाला. आणि दोन वर्षांनी पत्र आलं: तुम्ही हलकं काम करू शकता, भत्ता बंद. त्या काळात अशी पत्रं पुष्कळांना आली. ताईंनी अपील केलं, हरल्या, पुन्हा केलं. शेवटी रूथ नावाच्या तरुण वकीलबाईंनी केस फेडरल कोर्टात नेली. ठरलं होतं ते असं, की जिंकलो तर थकलेल्या भत्त्यातला चौथा हिस्सा फीचा. दर वेळी मीच ड्राइव्ह करून ताईंना न्यायची. आम्ही जिंकलो!

मला वाटलं, संपलं. पण रूथ म्हणाली, सरकारची बाजू लढवण्याजोगीच नव्हती असं जजला वाटलं, तर फी सरकारनं भरायची असा कायदा आहे. ताईंच्या भत्त्यातून आणि सरकारकडून अशी दोन्हीकडून फी मिळाली तर त्यातली कमी रक्कम ती ताईंना परत करणार. मात्र निकाल पक्का झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज हवा, आणि जज नाहीही म्हणू शकतो.

"ताई, जिंकलात ना? आता सोडा," मी म्हटलं.

"चूक त्यांची, मंजू. ती दुरुस्त करायचा खर्च माझ्या भत्त्यातून का?"

माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. सरकारविरुद्धच्या कागदांजवळ पुन्हा दिसायची मला भीती वाटली... मी सांगितलं, सुट्टी मिळत नाही. साफ खोटं. ताई दोन बस बदलून बर्फातून एकट्या गेल्या. रूथच्या काही नोंदी हरवल्या होत्या आणि तासांचा हिशेब द्यायचा होता, म्हणून ताईंनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडरच काढून नेलं. चतुर्थी-एकादशीच्या चौकटीत प्रत्येक भेट, प्रत्येक फोन, वाकड्या अक्षरात लिहिलेला होता. रूथच्या उरलेल्या नोंदींशी ते जुळलं.

जजनं अर्ज मान्य केला. रूथनं पैसे परत केले. ताईंनी मात्र निकालाचा कागद माझ्यापुढे धरला. "वाच." सरकारच्या भूमिकेला वाजवी आधार नव्हता, हे वाक्य त्यांनी तीनदा ऐकलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूला मी येईन हो सोबत. बसनं जाऊ."

म्हणजे माझं खोटं त्यांना माहीत होतं. आणि त्या आल्याही. बाहेरच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेव्हाही मी माफी मागितली नाही. मागू, मागू म्हणत राहिले...

परवा समीरबरोबर त्यांचं घर आवरायला गेले. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली, एकही फिरवून बसवलेलं नाही. डाळ सांडू नये म्हणून मी एकेक घट्ट लावत गेले. सातवं की आठवं लावताना ताईंची वाकलेली बोटं आठवली. समीर दारात उभा राहून बघत होता. मी पहिल्या बरणीकडे परत गेले आणि झाकणं पुन्हा सैल करायला लागले.