हळूकाकूंची दारं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते जीपच्या डाव्या दाराला टिचबटणं बसवायचं. मी अंगणात पाटावर बसून हातोडी मारत होतो आणि ही समोर बसून रेक्झीन दोन्ही हातांनी ताणून धरत होती. प्रत्येक घावाला डोळे मिटत होती.

"बटण इथं आहे, तुझं बोट तिथं आहे, मध्ये वीतभर जागा आहे. डोळे कशाला मिटतेस?"

"तुमच्यावर विश्वास आहे हो. पण हातोडीला कुठं माहीत आहे?"

शेवटचं बटण बसलं तेव्हा ती दाराआड जाऊन बसली आणि आतून तळव्यानं रेटलं. बटणं एकामागून एक सुटली, टक टक टक. ती हसली. दम लागेपर्यंत हसली. "उद्या निघू," म्हणाली. त्या दिवशी दुपारी जेवून ती आडवी झाली ती उठली नाही.

माझ्या बायकोला मांजरी गावातल्या आमच्या गल्लीत सगळे हळूकाकू म्हणत. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, ते तिथंच राहिलं. स्कूटरवरून जाणाऱ्या पोरांना हळू, उतू जाणाऱ्या दुधाला हळू, जिन्यावरून सिलिंडर उतरवणाऱ्याला हळू. लग्नात अंतरपाट दूर झाला, मी हार घालायला हात वर केले, तर ही मला जन्मातला पहिला शब्द बोलली तो हाच. "हळू. डोळ्यात जाईल." माझे मित्र वर्षभर हसत होते. मीही हसलो. पुढं मला कळलं की ही काही गंमत नाही, ही बाई खरोखरच घाबरते, आणि सगळ्यालाच घाबरते.

गॅस बंद केला की हात लावून बघायची, मग मला बघायला पाठवायची, मग मी नीट बघितलं का ते बघायला स्वतः जायची. पाऊस जोरात आला तर विजेला घाबरायची, नाही आला तर दुष्काळाला. पण सगळ्यात मोठी भीती बंद दाराची. न्हाणीघराची कडी तिनं कधी लावली नाही. दारावर टॉवेल टाकायची आणि आत खाकरत राहायची. "जे आतून एका हातानं उघडत नाही त्याला दार म्हणू नये, पिंजरा म्हणावं," हे तिचं वाक्य. मी एकदा विचारलं, लहानपणी कुठं कोंडली गेली होतीस का? म्हणाली, "नाही. भीतीला कारण लागत नाही हो. कारण लागतं ते धाडसाला."

माझी जीप जुनी. वर हूड आणि बाजू उघड्या. नर्सरीवाल्यांची रोपं, खताच्या गोण्या, कधी लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातून वाहिलं. ही माझ्या डाव्या हाताला बसायची आणि डावा पाय बाहेर पायरीवर ठेवायची. चाळिशीतही तसंच, साठीतही तसंच.

"पाय आत घे. दगड लागेल."

"असू दे. तयारीत असलेलं बरं."

"कसली तयारी?"

"उडी मारायची."

एवढ्या वर्षांत तिनं एकदाही उडी मारली नाही. कालव्याच्या कडेला चिखलात जीप एका बाजूला कलली, तेव्हा मी उडी मारली. मी, ज्याला कशाची भीती नाही असा मी. ही दांडी धरून आतच बसून राहिली. ट्रॅक्टर लावून जीप ओढून काढली तेव्हा मी तिला म्हणालो, "तू का नाही उतरलीस?" तर म्हणते, "तुम्ही उतरलात. मीही उतरले असते तर जीप घाबरली असती."

मग तिची छाती बिघडली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. मला त्यातलं काय कळणार, पांढरं कुठं आणि काळं कुठं असावं ते? पण डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले की समजावं. थंड वारा नको, धूळ नको, असं सांगितलं. मांजरीत धूळ नको म्हणजे कुठं राहायचं? जिथं ऊस होता तिथं आता इमारती उठतात, दिवसभर सिमेंटचे ट्रक. आम्ही खिडक्या लावून घ्यायला लागलो, आणि ती खिडकीशी बसून कडी हातात धरून ठेवायची.

खरं सांगतो, घाबरायचं काम आमच्या घरात तिच्याकडे होतं. मला त्याची सवय नव्हती. आता ती दुपारी झोपली की मी पेपर तोंडासमोर धरून तिचा पदर बघत बसायचो. वर जातोय, खाली येतोय. मध्येच थांबल्यासारखा वाटला की मी खुर्ची पुढं ओढायचो. एकदा ती डोळे न उघडता म्हणाली, "पान उलटा. कधीपासून एकच वाचताय."

आम्हाला मूलबाळ नाही. तिचं म्हणून माणूस एकच उरलं होतं, थोरली बहीण आक्का. भोरच्या पलीकडे, धरणाच्या कडेकडेनं रस्ता जातो त्या गावात आक्का मुलाकडे राहते. तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे, तिला इकडे आणणं अवघड. फोन व्हायचा रोज. पण ही फोन ठेवला की म्हणायची, "आवाजानं भागत नाही. आक्का आता हातानं बघते. तिला एकदा मला बघू दे." यापुढं ती काही बोलायची नाही. मला कळत होतं की ती कशासाठी घाई करतेय, आणि मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

भाड्याची मोटार ठरवली. काचा बंद, आत गारवा, छान गादी. हडपसरच्या सिग्नलला गाडी थांबली आणि हिनं दार उघडून भर रहदारीत पाय खाली टाकला. ड्रायव्हर ओरडला, "काकू, मरायचंय का?" ही फुटपाथ गाठून, खांबाला धरून, श्वास जमवत म्हणाली, "मरायचं नाही म्हणूनच तर उतरले."

म्हणजे बंद गाडीत ती बसणार नाही, आणि उघड्या जीपमध्ये तिला बसवायचं नाही. थंडीचे दिवस, धरणावरचा वारा. तो वारा तिच्या छातीत गेला तर मी तिला घेऊन जाईन आणि रिकामा परत येईन, हे मला डोळ्यांपुढं दिसायचं. शेवटी मी ठरवलं की जीपला आपणच दारं करायची. विकतची मिळतात, पण ती एकदा लावली की लावलीच. मला तिच्या मापाची पाहिजे होती.

कोपऱ्यावर शब्बीरचं गेट-ग्रिलचं दुकान आहे. त्याच्याकडून चौकोनी पाइप वाकवून चौकटी केल्या, खाली पत्रा मारला. वर रेक्झीन आणि मध्ये प्लास्टिकची काच, हे हिनं आपल्या शिलाई मशीनवर शिवलं. मशीनच्या सुईलाही ती हळू म्हणायची. पहिल्यांदा दार लावून बघितलं तेव्हा ते मिटेचना. मी बिजागरी बघतोय, शब्बीर चौकट बघतोय. मग दिसलं, हिचा पाय सवयीनं बाहेर पायरीवर.

"अगं, पाय आत घे."

घेतला. मी दार लावून कडी सरकवली. प्लास्टिकच्या काचेतून तिचा चेहरा दिसला, तो मी विसरू शकत नाही. ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो. नुसता पंजा काचेवर टेकवला. मी कडी ओढली ती इतक्या जोरात की हाताचं सालटं निघालं.

शब्बीर पाणी घेऊन आला. म्हणाला, "काकू, लोक गाडीला दार लावतात ते आत राहायला. तुम्हाला दार पाहिजे बाहेर पडायला."

"मग तुमच्या घराला कशासाठी आहे?" ही म्हणाली. शब्बीरनं कडी काढायला पाना उचलला.

त्यानंतर दारं तिच्याच डोक्यानं झाली. कडी काढून टाकली. बिजागरीला नुसता खुंटा ठेवला, दार वर उचललं की हातात यावं. आणि दाराच्या कडेला रेक्झीनची पट्टी घेऊन ती नाडीनं जीपच्या खांबाला बांधायची, एक टोक ओढलं की सुटेल अशी. मग सराव सुरू झाला. अंगणात जीप उभी, इंजिन बंद, मी स्टीअरिंगवर, ती दाराआड. पाय आत. तिनं नियम घातला, "मी बोलत राहीन. बोलणं थांबलं की दार उघडा."

आणि ती बोलायची. आक्काकडे गेल्यावर काय काय बोलायचं ते बोलायची, आक्का लहानपणी चिंचा कुठं लपवायची ते बोलायची, माझ्या आईची उणीदुणी काढायची. पुढं आम्ही इंजिन चालू केलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत. मग कालव्यापर्यंत. मी रस्ता बघत होतो पण चालवत होतो कानानं. ती श्वासासाठी जरा थांबली की माझा पाय ब्रेकवर. मागच्या गाड्या शिव्या द्यायच्या. ती म्हणायची, "अहो, आवंढा गिळत होते. एवढं काय घाबरता?" हे मला. तिनं.

कालव्यावरून येताना एकदा नाडीची गाठ घट्ट बसली. ओढली तर आणखी बसली. मी जीप थांबवून, पलीकडे धावत जाऊन दातानं गाठ सोडवली. घरी आल्यावर ती जीपकडे न बघता आत गेली. मला वाटलं, संपलं, आता ही बसणार नाही. तर म्हणाली, "टिचबटणं लावा. ब्लाउजला धरतात, जीपला का नाही धरणार?"

ती बटणं लावली, ते मी सुरुवातीला सांगितलंच.

दुपारी मी नेहमीसारखा पेपर धरून बसलो होतो. पदर वर गेला, खाली आला. मग वर गेला नाही. मी वाट बघितली. मी हाक मारली. बोलणं थांबलं की दार उघडा, असं तिनं सांगून ठेवलं होतं, पण तिथं कुठलं दार उघडायचं ते मला कळेना. मी शब्बीरला हाक मारली. तो आला, डॉक्टर आले, मग गल्ली आली.

आक्काचा मुलगा संध्याकाळी मोटरसायकलवरून आला. आईला तो काही बोलला नव्हता. दुचाकीवर तिला आणता येत नाही, आणि तिला सांगून तिथंच सोडून यायचं धाडस त्याला झालं नाही. स्मशानातून परतताना त्याला मी म्हणालो, "तू सांगू नकोस. हिनं जेवायच्या आधीच फोन करून तिला कळवलंय, ती उद्या आमची वाट बघणार आहे. मी येतो."

सकाळी मी जीप काढली. शब्बीर म्हणाला, "काका, मी चालवतो." मी नको म्हणालो. दोन्ही दारं बसवली, बटणं लावली आणि निघालो. कात्रज गेलं, भोर गेलं. धरणाचा रस्ता आला, डाव्या हाताला पाणी. वारा दारांवर आपटत होता आणि आत एवढासाही येत नव्हता. दारं चांगली झाली होती. त्याचाच मला राग येत होता. जिवाची भीती मला नव्हती. आक्काच्या अंगणात पोचायची भीती होती. मी इतका सावकाश चालवत होतो की मागून एसटी भोंगा वाजवत राहिली. शेवटी मी बाजूला घेतलं, तिला जाऊ दिलं, आणि थोडा वेळ तिथंच थांबलो. मग पुढं निघालो, कारण म्हातारं माणूस ओट्यावर बसून वाट बघत होतं.

आक्का ओट्यावरच होती. इस्त्रीचं लुगडं नेसून बसली होती. इंजिनाच्या आवाजाला उठली आणि हात पुढं करून चालत आली. हात बॉनेटला लागला, मग दाराला.

"आगं बाई, खरंच दारं केली व्हय! आन् उघडायची कशी ही?"

मी उतरून तिच्याजवळ गेलो. बोलायचं होतं. तोवर तिच्या बोटांना पट्टी सापडली. तिनं ओढली, बटणं सुटली. तिनं आत हात घातला. गादीवर फिरवला, गादीच्या पाठीवर फिरवला.

"मागं बसलीय का?"

"नाही, आक्का."

"मग?"

"ती काल दुपारी गेली. झोपेत."

आक्कानं हात गादीवरून काढला नाही. शेजारच्या घरातल्या बायका कौतुकानं बाहेर यायला लागल्या होत्या, पाहुणे आले म्हणून. आक्कानं त्यांची चाहूल घेतली. मग दांडी चाचपून धरली, पायरीवर पाय दिला आणि माझ्या बायकोच्या जागेवर चढून बसली.

"दार लावा, पाव्हणं. बायांच्या म्होरं नको."

मी खालपासून एकेक बटण लावलं. तिचा मुलगा घरातून धावत येत होता, त्याला मी हात करून तिथंच थांबवलं.