कळवणारे मामा

आमच्या हिच्या मामांएवढा कळवणारा माणूस अख्ख्या पुण्यात नाही, आणि असलाच तर मामांनी त्याला पत्र लिहून समज दिलेली असणार. बोलणारी माणसं पुष्कळ असतात. मामा बोलत नाहीत, कळवतात. आमच्या लग्नात अक्षता पडण्याआधी त्यांनी गुरुजींच्या हातून माइक घेतला आणि ‘पंगतीत जागा धरण्यासाठी रुमाल ठेवू नयेत, ठेवलेले रुमाल परत मिळणार नाहीत’ असं कळवलं. नंतर खरोखरच अकरा रुमाल जप्त झाले. त्यातला एक माझ्या वडिलांचा होता, आणि तो अजून मिळालेला नाही. चाळीस वर्षं मामा एका सरकारी कचेरीत जावक कारकून होते. येणाऱ्या पत्रांचं टेबल वेगळं, जाणाऱ्या पत्रांचं वेगळं. मामा जाणाऱ्यांच्या टेबलाशी बसले ते निवृत्तीनंतरही मनाने तिथून उठले नाहीत. मामी होत्या तोवर चहा झाल्याचं स्वयंपाकघरातून बाहेर आणि पेपर आल्याचं बाहेरून स्वयंपाकघरात कळवलं जाई. मामी गेल्या आणि तो सगळा भार सोसायटीवर आला.

सोसायटी म्हणजे नारायण पेठेतली चार मजली इमारत. मामा तिचे सेक्रेटरी, आणि मामांखेरीज तेवीस बिऱ्हाडं. मामांची नोटीस वहीत लिहिलेली असे आणि ती वही घेऊन वॉचमन घरोघर फिरे. प्रत्येकाने आपल्या नावापुढे ‘वाचले’ असं लिहून सही करायची. लोक न वाचता सही करतात अशी मामांना शंका होती, आणि ती सोळा आणे खरी होती. म्हणून ते संध्याकाळी जिन्यात उभे राहून तोंडी परीक्षा घेत. “काय हो, काल काय कळवलं होतं?” समोरचा ततपप करू लागला की मामा म्हणत, “सही मात्र छान करता.” दुसऱ्या मजल्यावरचे मुलाणी साहेब एवढे एकच या परीक्षेत पास होत. त्यांचा जन्म बाइंडिंगच्या धंद्यात गेला होता आणि हातात आलेला कुठलाही कागद ते वाचून काढत. त्यामुळे मामांचं त्यांच्याशी जमे. म्हणजे दोघं रोज भांडत.

पुढे वही घेऊन फिरणारा वॉचमन नोकरी सोडून गेला. नवा वॉचमन म्हणाला, मी गेटवर बसायला आलोय, जिने चढायला नाही. त्या रविवारी मामा आमच्याकडे आले. “जावईबापू, तुम्ही हिंजवडीत नेमकं काय करता?” लग्नाला सात वर्षं झाल्यावर हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला. मी सांगितलं, एक खरेदीची वेबसाइट आहे, तिच्यातर्फे लोकांच्या फोनवर सूचना पाठवण्याचं काम करतो. मामांनी नमुना मागितला. मी त्या आठवड्यातली आमची सगळ्यात यशस्वी सूचना वाचून दाखवली : ‘तुमचा कुकर तुमची वाट बघतोय.’ मामांनी चष्मा काढला. “कुकर वाट बघतो? आमच्याकडे माणसं कुणाची वाट बघत नाहीत. आणि याचा पगार देतात?” पण कल्पना त्यांच्या डोक्यात शिरली होती. महिनाभरात मी सोसायटीची एक साधी वेबसाइट करून दिली. फोनवर ती एकदा उघडायची, ‘सूचना पाठवू का?’ असं ती विचारते, त्यावर ‘अनुमती द्या’ दाबायचं. मग मामा लिहितील ते थेट फोनवर येऊन पडणार.

अनुमती ही ज्याची त्याने द्यायची असते, हे मी मामांना दोनदा सांगितलं. “अर्थात,” म्हणाले, आणि वही घेऊन घरोघर निघाले. समोर उभं राहून बटण दाबून घ्यायचं आणि वहीत सही घ्यायची, ‘अनुमती दिली’. पहिल्या मजल्यावरच्या देशमुख काकू म्हणाल्या, “आमच्या ह्यांना विचारून सांगते.” मामा दारात थांबले. ‘हे’ नाशिकला गेले होते, तर मामांनी काकूंना तिथे फोन लावायला लावून विचारून घेतलं. संध्याकाळपर्यंत तेवीसच्या तेवीस अनुमत्या गोळा झाल्या. माझ्या कंपनीत शंभरातल्या पाच जणांनी हो म्हटलं तर आम्ही केक कापतो. मामांना ते सांगितल्यावर म्हणाले, “तुम्ही दारात जाऊन उभे राहत नसाल.”

मग मामा कळवू लागले. कचेरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मायना सोडणं शक्य नव्हतं. प्रत्येक सूचनेची सुरुवात ‘सर्व सन्माननीय सभासदांस सविनय कळविण्यात येते की’ अशी होई. फोनच्या पडद्यावर मावते एक ओळ. तेव्हा लोकांना दिवसातून चार वेळा एवढंच समजे, की सविनय कळविण्यात येत आहे. काय, ते आत जाऊन वाचावं लागे, आणि आत मुलाणी साहेबांशिवाय कोणी जात नव्हतं. अशाच एका मायन्याच्या पोटात गच्चीवरची टाकी धुणार असल्याचं दडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला नळ गेले. इमारतीत त्या वेळी निदान सहा माणसं अंगाला साबण लावून उभी होती. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा, बँकेच्या इंटरव्ह्यूला जायचं म्हणून, टॉवेलवर जिन्यात आला आणि ओरडला, “काका, सांगायचं तरी!” मामा शांतपणे म्हणाले, “सविनय कळवलं होतं.” मुलाणी साहेबांकडे मात्र सगळी पिंपं भरलेली होती. त्या मुलाने त्यांच्याकडे आंघोळ केली.

त्या दिवसापासून लोक मामांना ब्लॉक करू लागले. तोंडावर कोणी बोललं नाही, फोनवर बटण दाबलं. किती जणांकडे सूचना पोचते तो आकडा मला दिसे, आणि मी मूर्खासारखा एकदा तो मामांना सांगितला. झालं. रोज दुपारी एक वाजता, मी मीटिंगमध्ये असताना, फोन. “किती?” नमस्कार नाही, कोण बोलतंय नाही. “अठरा, मामा.” “काल वीस होते.” फोन बंद. पंधरा झाले, बारा झाले. ऑफिसात माझ्या साहेबाला वाटू लागलं की मी शेअर बाजारात अडकलोय, आणि तो माझ्याशी हळुवारपणे वागू लागला. आकडा नऊवर आला त्या दिवशी मामा फोन ठेवायचे थांबले. म्हणाले, “वही होती तेव्हा निदान सही करायला तरी दार उघडत होते हो.” आणि मग पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी त्या शनिवारी गेलो आणि मामांना म्हटलं, मायना काढा. पहिल्या चार शब्दांत मुद्दा आला पाहिजे. मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांना धोतर सोडायला सांगतोय. वास्तविक ते पॅन्ट वापरतात. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सूचना पाठवली : ‘पाणी नाही. उद्या ६ ते ११. मागाहून ओरडू नये.’ मी कुकरवाल्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण असं वाक्य मला लिहिता आलेलं नाही. नारायण पेठेत जन्मलेल्या माणसाला थोडक्यात बोलायला शिकवायची गरज नसते, कचेरी विसरायला लावावी लागते. मग एकेक येऊ लागलं. ‘जिन्यातली सायकल कोणाची? उद्यापासून माझी.’ ‘ढोलपथकाचा सराव घरात करू नये. घर आपलं, भिंत सामाईक.’ एकदा ‘लिफ्टमध्ये थुंकणाऱ्यास ओळखले आहे. संध्याकाळपर्यंत थांबतो’ असं आलं. मामांनी कोणालाही ओळखलेलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत ती लिफ्ट तीन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी पुसली. लोक एकमेकांच्या फोनमध्ये डोकावून हे वाचू लागले, मग स्वतःच्या फोनवर अनुमती पुन्हा चालू करू लागले. नऊचे एकोणीस झाले. मामांचा दुपारचा फोन सुरूच होता, पण आता ते “बरं” म्हणून ठेवत.

आणि एवढ्यात इमारत पाडायचं ठरलं. बिल्डर नवी बांधून देणार होता, तीन वर्षांत. तोवर ज्याने त्याने आपापली सोय बघायची. मामांनी सगळे कागद तपासून बिल्डरला बेजार केलं, प्रत्येकाचं सामान निघेपर्यंत खाली उभे राहिले, कोणाचा फ्रिज कोणत्या टेम्पोत गेला ते कळवलं. देशमुख काकू धायरीला गेल्या, मुलाणी साहेब कोंढव्याला मुलीकडे, आणखी कोणी वाकडला, कोणी कात्रजला. मामा हिंजवडीत आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर आले. पहिल्याच संध्याकाळी गॅलरीत उभे राहून म्हणाले, “जावईबापू, आता हे लोक मला फोनवर कशाला ठेवतील? पाणी त्यांचं वेगळं, लिफ्ट वेगळी. माझ्याकडे कळवण्यासारखं राहिलंय काय?” त्यांना इमारतीची काळजी नव्हती, ती बिल्डरच्या मानगुटीवर बसून ते बांधून घेणार होते. तीन वर्षांनी किल्ल्या घ्यायला येणारी माणसं एकमेकांना ओळखतील की नाही, याची त्यांना भीती होती. 

हिंजवडीबद्दल मामांचं मत छापण्याजोगं नाही. दूध आणायला खाली गेलेल्या माणसाला परत येताना गेटवर ‘कुणाकडे जायचंय?’ असं विचारतात, आणि ‘स्वतःकडे’ हे उत्तर तिथे चालत नाही. पण दर गुरुवारी ते सकाळी बस पकडत आणि दीड-दोन तास धक्के खात नारायण पेठेत पोचत. जागेभोवती पत्रे ठोकलेले होते, त्यातल्या एका फटीतून आत पाहत. बरोबर बाराला लोकांच्या फोनवर येई : ‘खोदताना काळा दगड लागला. बिल्डरचा चेहराही तसाच.’ किंवा ‘आपला जिना होता तिथे मुकादम डबा खातो. पोळी-भाजी. बरा वाटला.’ किंवा नुसतंच, ‘आज काही नाही. पण मी आलो होतो.’ आता लोक मला फोन करू लागले. देशमुख काकू म्हणाल्या, “अहो, ते मी मागे चुकून बंद केलं होतं, ते कुठून चालू करायचं?” चुकून बंद केलेले असे चौघे निघाले. एका गुरुवारी दुपारी एकला फोन आला, “किती?” मी म्हटलं, “तेवीस.” मामा म्हणाले, “नीट बघा.” मी नीट बघितलं.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ओळीने दोन गुरुवार चुकले. मामा हॉस्पिटलात उताणे पडून छताकडे बघत. गुडघ्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. “आता लोक गळतील,” म्हणाले. “पंधरा दिवस आवाज नाही आला की कोण कुणाचं?” आमच्या धंद्यात हे खरं आहे, म्हणून मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला. एकही गळलेला नव्हता. पण दुसरंच काही दिसलं. दोन्ही गुरुवारी, बाराच्या सुमाराला, त्या वेबसाइटवर माणसं येऊन गेली होती. सूचना नव्हती, बघायला नवं काही नव्हतं. पहिल्या गुरुवारी सतरा जण आले, दुसऱ्या गुरुवारी बावीस. पान उघडायचं, रिकामं बघायचं आणि जायचं. आमच्या कंपनीला लाखो रुपये खर्चून असे लोक मिळत नाहीत. मी मामांना ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं आणि मग एकदम चिडले. “अहो मग सांगायचंत ना! ताटकळत ठेवलंत लोकांना. लिहा.” ते सांगत गेले ते मी लिहिलं : ‘गुडघा बदलला. स्वभाव तोच. दोन गुरुवार चुकले, क्षमस्व.’ क्षमस्व हा शब्द मामांनी आयुष्यात कोणाला कळवल्याचं मला माहीत नव्हतं.

पाठवल्यावर मामा म्हणाले, “आता कुणाला काही म्हणायचं असलं, तर?” मी म्हटलं, तशी सोय केलेली नाही मामा, तुम्ही मागितलीच नव्हती. ते म्हणाले, “हो. नव्हती मागितली.” मी खाली कँटीनमध्ये जाऊन अर्ध्या तासात उत्तराची चौकट जोडली. वर येऊन मामांचा फोन त्यांच्या हातात दिला. ‘सूचना पाठवू का?’ असं त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मामांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा सावरून, अंगठ्याचा ठसा उमटवावा तसा दाबून, ‘अनुमती द्या’ म्हटलं.

पहिलं मुलाणी साहेबांचं आलं. ‘बाइंडिंग नीट झालंय का बघून घ्या.’ मग धायरीहून, मग कात्रजहून. ‘आम्ही जाऊन आलो फटीपाशी, काळजी नको.’ ‘डॉक्टरांना त्रास देऊ नये.’ टॉवेलवर आलेल्या मुलाने बँकेतून लिहिलं, ‘काका, सविनय लवकर बरे व्हा.’ फोन टिंग टिंग करत राहिला आणि मामा प्रत्येकाला “बरं”, “बरं” म्हणत राहिले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने कूस बदलली. सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, “आजोबा, आवाज बंद करा, बाकीच्यांना त्रास होतो.” मामांनी फोन छातीशी धरला.

“अहो सिस्टर, राहू द्या थोडा वेळ. आमच्या इमारतीतले आहेत.”

नारायण पेठेत त्या जागेवर तेव्हा वीस फूट खोल खड्डा होता आणि त्यात पाणी साचलेलं होतं.