पेटीवरची सही

एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. आम्ही पितळेचे छोटे भाग बनवत होतो. ते तोफगोळ्याच्या टोकाला बसतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. माझ्या हातात मोजायचा गेज असे. त्याची एक बाजू भागात सहज जायला हवी आणि दुसरी मुळीच जाता कामा नये. दोन्ही जमलं की भाग पास, नाहीतर बाद. पेटीवर माझी सही झाली, तरच ती बाहेर जाई.

माझा थोरला भाऊ पायदळात होता. नोव्हेंबरात त्याचं शेवटचं पत्र आलं. तो पूर्वेकडं आहे, एवढं त्यावरून समजलं. मग लढाई सुरू झाली आणि पत्रं थांबली. कारखान्याच्या खिडक्यांना काळा कागद लागला. रविवारची सुट्टी गेली. बारा-बारा तासांच्या पाळीत यंत्रं थंड व्हायलाही सवड नव्हती. घरी मी ताटावर बसून रेडिओच ऐकत राही. माझे वडील, आबा, म्हणायचे, "काय न्हाई व्हायचं त्याला. तू जेव." पण त्यांची भाकरीही तशीच पडलेली असे.

लढाईच्या दुसऱ्या आठवड्यात एका पेटीतले बरेच भाग मला सैल लागले. जी बाजू जायला नको होती, ती किंचित आत जात होती. यंत्राचं कापायचं हत्यार झिजलं होतं. मी पेटी बाजूला ठेवली.

फोरमन धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण तीन दिवस घरी गेला नव्हता. ट्रक फाटकाशी उभा आहे, फरक केसाएवढाच आहे, असं त्यांनी मला समजावलं. केसाएवढंच मोजायला मला ठेवलंय, असं मी म्हणाले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "गोळे संपलेल्या ठिकाणी तुझा भाऊ असला तर?"

मी सही केली.

ट्रक गेला. दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती: गोळे कमी पडले तर माणसं मरतील आणि गोळा फुटलाच नाही तरीही मरतील. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सरकारी निरीक्षक फेरीवर आले, तेव्हा मी त्यांना पेटीचा क्रमांक दिला आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं. लष्कराच्या डेपोत पुन्हा तपासू, असं म्हणाले. मला शाबासकी दिली नाही की माझ्यावर रागावलेही नाहीत.

फोरमननी त्याच दुपारी मला पॅकिंगला बसवलं. आमचा कारखाना बंद पाडायला निघाली, अशी कुजबुज झाली. ज्या बायकांबरोबर मी रोज डबा खात होते, त्या आता दुसऱ्या बाकावर बसू लागल्या. त्यातल्या एकीचा नवरा पश्चिमेच्या आघाडीवर होता. तिनं माझ्याकडं पाहणंच सोडलं. ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

चार-पाच दिवसांत लढाई संपली. कारखान्यात पेढे वाटले. मला पेढा गिळवेना, कारण भावाची खबर अजून नव्हती.

तो फेब्रुवारीत आला. वाळला होता, पण धडधाकट होता. आबा त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले. दोन दिवसांनी, आबा बाहेर गेल्यावर, मी त्याला पेटीचं सांगितलं.

तो म्हणाला, "आमच्या पुढं पडलेले आपल्याच तोफांचे दोन गोळे फुटलेच नाहीत. चिखलात रुतून बसले. का, ते बघायला कोण थांबतंय?"

त्यांत आमच्याच कारखान्याचे भाग असतील का, असं मी विचारलं. देशभर किती कारखाने असतील, कोण सांगणार, असं तो म्हणाला. मग त्यानं मला विचारलं, "सही करताना तू माझाच विचार केलास ना?"

"हो."

"तिथं मी एकटा नव्हतो," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. तो उठून अंगणात गेला आणि आबांची सायकल पुसत बसला.

उन्हाळ्यात मला पुन्हा तपासणीवर घेतलं. तोवर आम्ही पंपांचे भाग करू लागलो होतो. मी बाद केलेली पेटी फोरमन मुकाट्यानं परत नेत. लढाईतली ती पेटी डेपोत खरंच उघडली गेली का, हे मी निरीक्षकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, चौकशी करतो. पुढं त्यांची बदली झाली.