पहिल्या हाकेला

घर सोडलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझ्या हातात बाबांच्या पिशवीचा बंद होता. गोवरात डोळे गेल्यापासून मी गावात अशीच चालायची, कुणाचा तरी बंद, पदर नाहीतर बोट धरून. दिवाळी नुकतीच झाली होती. मुंबईतल्या अंध मुलींच्या शाळेत मध्येच एक जागा रिकामी झाली आणि मुरबाडच्या ऑफिसात शिपाई असलेल्या बाबांना त्यांच्या साहेबांनी ती सांगितली. आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी. एसटी पकडायची तर ओहोळ ओलांडून पाऊण तास चालायचं. त्या सकाळी धुकं होतं. मला धुकं दिसत नाही, पण धुक्यात लांबचे आवाज उगाच जवळ येतात, त्यावरून ते कळतं.

आई बाहेर आली नाही. चुलीपुढे बसूनच म्हणाली, "तिकडं तुला कोन काय विचारल, तं सांगल कोन?" तोवर माझ्या वतीने तीच बोलायची. लोक माझ्यासमोर तिला विचारत, हिला भूक लागली का, हिला कळतं का, आणि ती उत्तर देई. मग म्हणाली, "आनि पयल्या हाकेला ओ देऊ नको गो. शहरात पन नको."

वाचकहो, तुमच्यातले जे गावात राहिलात त्यांना हे सांगायला नको. जे माझ्यासारखे निघून गेलात, ते कदाचित विसरला असाल. बाहेरून कुणी नाव घेतलं की गप्प राहायचं. बाहेर 'ती' असते. ती आपल्याच माणसाचा आवाज घेते, पण तिला एकच हाक मारता येते. ओ दिली की माणूस तिच्यामागे निघून जातं. तीन हाका आल्या तरच समजायचं की दाराशी माणूस आहे. तिला नाव नव्हतं, नुसतं 'ती' म्हणायचे. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. "आपल्यात भूत-बित मानत नाय," असं बाबा चारचौघांत ठणकावून सांगत, पण पहिल्या हाकेला त्यांनीही कधी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही.

ओहोळात पाय घातला आणि हाक आली. "शांते गो!"

आवाज आईचा होता. तिचा तो 'गो' थोडा लांबत जायचा, तसाच लांबला. पण घर आमच्या पाठीमागे होतं आणि हाक समोरून, पलीकडच्या काठावरून आली होती. दिशेच्या बाबतीत माझी चूक होत नाही. हातातला बंद ताठ झाला. बाबाही थांबले होते. पाणी घोट्याला लागून वाहत होतं आणि मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. ती आली नाही.

"चल," बाबा म्हणाले. "काय नाय ते. टिटवी आसंल."

माझं नाव माहीत असलेली टिटवी मला त्यानंतर कुठे भेटली नाही.

मुंबईच्या हॉस्टेलात सगळी नावं एकदाच घेत. हजेरीला एकदा, जेवणाला एकदा, आंघोळीच्या नंबराला एकदा. मी आपली आणखी दोन हाकांची वाट बघत बसायची. पहिल्या आठवड्यात तीन वेळा जेवण हुकलं. वॉर्डनबाईंनी माझ्या कागदावर 'ऐकूही कमी येते' असं लिहून मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. कान उत्तम निघाले. मग हट्टी ठरले. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, कारण शहरातल्या मुली हसल्या असत्या. रात्री उशीत तोंड घालून मी हळूच 'ओ' म्हणायचा सराव केला. तो सोपा नव्हता. प्रत्येक वेळी वाटायचं, पलीकडच्या काठावर कुणीतरी कान देऊन उभं आहे.

पुढे मी टेलिफोन ऑपरेटर झाले, म्हणजे पहिल्या रिंगला ओ देण्याचीच नोकरी! ठाण्यात भाड्याची खोली घेतली, पांढरी काठी आली, गाडीचा पास आला. 'हॅलो, गुड मॉर्निंग' म्हणताना माझा आवाज इतका साफ यायचा, की आईने तो ओळखला नसता. घरी गेले की दोन दिवस राहायचे. ओहोळावर ती हाक पुन्हा आली नाही आणि तिच्याविषयी मी आईला विचारलं नाही. भीती दोन्ही उत्तरांची होती. हाक तिची नसेल तर कुणाची? आणि तिचीच असेल, तर जन्मदात्या आईच्या हाकेला ओ न देता मी निघून गेले होते.

नोकरी पक्की झाल्यावर दर रविवारी शहापूरला एका शाळेच्या खोलीत मी वर्ग घ्यायला लागले. पोलिओवाले, आंधळे, बोलताना अडखळणारे, पंधरा ते तिशीचे. विषय एकच, आपली बाजू आपण मांडायची. मी सरकारी बाबू व्हायची आणि मुद्दाम त्यांच्या आईबापांना विचारायची, "हिला काय पाहिजे?" त्यांनी लगेच म्हणायचं, "मी बोलते", "मी बोलतो". पहिले काही रविवार कुणाच्या तोंडून आवाजच फुटेना. नंतर इतका फुटला, की शेजारचे तक्रार करायला आले. त्यांनाही माझ्या मुलांनीच उत्तर दिलं.

त्यात मंदा होती, तानशाकडच्या पाड्यावरची. लहानपणीच्या तापाने तिचा पाय गेला होता आणि शब्द अडकत. आटगावपर्यंत मिळेल त्या जीपने, मग पुढे शहापूर, असं करत कुबडी घेऊन ती यायची. शिवणकामाच्या कोर्सला तिची जागा लागली होती, पण अपंगत्वाचा दाखला त्याच आठवड्यात द्यायचा होता. नाहीतर जागा दुसऱ्याला. दाखल्याच्या शिबिरात डॉक्टर काय विचारतील, क्लार्क काय विचारेल, सगळं आम्ही घोकलं. मी स्वतः सोबत गेले. बाकावर एका बाजूला मंदा, मध्ये मी, दुसरीकडे तिची आई.

क्लार्कने नाव घेतलं. "मंदा काशिनाथ."

तिची आई उठायला लागली. मी तिचा हात दाबून धरला. "तुम्ही नाही. तिला बोलू द्या." आणि वाट बघत बसले. मंदा गप्प. क्लार्कने पुढचं नाव घेतलं आणि तिचा कागद गठ्ठ्याखाली सरकवल्याचा आवाज आला.

"अगं, ओ का नाही दिलीस?"

"बाई," ती कुजबुजली, "दु... दुसरी हाक आली नाय ना."

जगातल्या कुठल्याही मास्तरणीला ही चूक कळली नसती, पण मला कळायला हवी होती. सगळं शिकवलं आणि तेवढंच राहिलं. मला माझाच राग आला. "थांब, मी सांगते त्याला," म्हणत मी उठले, तर मंदाने माझा पदर ओढला.

"मी बोलते," ती म्हणाली.

कुबडीची टकटक टेबलापर्यंत गेली. "साहेब, तु... तुमी येकदाच हाक मारली. आमच्यात पयल्या हाकेला ओ देत नाय. परत मारा. तीनदा मारा."

क्लार्क हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. रांगेतली कुणी म्हातारी म्हणाली, "खरं हाय तिचं. माझ्या नातीचं पन नाव असंच गेलं." क्लार्कने कागद वर काढला आणि तिचं नाव तीनदा घेतलं, एरवीपेक्षा हळू, जरा जपूनच. तोही कुठल्या तरी पाड्यावरचाच असणार. तिसऱ्या हाकेला मंदा "ओ" म्हणाली. तिला दाखला मिळाला.

तिथून मी ठाण्याला गेले नाही. मुरबाडची गाडी पकडली आणि संध्याकाळी घरी. बाबांना जाऊन तोवर दोन वर्षं झाली होती. आई एकटीच होती. तिला विचारलं, "आये, त्या सकाळी तू हाक मारलीस का?"

तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "मारली. उंबऱ्यातनं. येकदाच. तीन मारल्या असत्या तं तू माघारी आली असतीस."

मला रडू फुटलं. रडत रडतच मी तिला सांगितलं की हाक उंबऱ्यातून आली नव्हती, ओहोळापलीकडून आली होती. तिचा हात माझ्या पाठीवरच थांबला. "मंग तिनं उचलली," ती म्हणाली. "माझी हाक उचलून फुडं नेली गो."

सकाळी ती मला पोचवायला निघाली, आयुष्यात पहिल्यांदाच. धुकं होतं. ओहोळात पाय घातला आणि पलीकडून हाक आली. "शांते गो!" आवाज आईचाच, पण पंधरा वर्षांपूर्वीचा, खोकला लागण्याआधीचा. खरी आई माझ्या शेजारी होती आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तिलाही ऐकू आलं होतं. ती एकदम ओरडली, "नाय येत माझी पोर! कुटं नाय येत!"

"आये," मी म्हणाले, "मी बोलते."

घर म्हणजे काय, असं तुम्ही वाचक पत्रांतून विचारता. माझं घर त्या ओहोळाच्या दोन्ही काठांवर आहे. एका काठावर माझ्या नावाची हाक मुद्दाम अर्धी सोडणारी आई आहे. दुसऱ्यावर ती हाक इतकी वर्षं सांभाळून बसलेलं काहीतरी आहे. मी पलीकडे तोंड केलं. आवाज ऑपरेटरचा निघाला, साफ.

"ओ. मी शांता. आज ठाण्याला चाललेय. तुझ्याबरोबर नाही."

पाणी वाहत राहिलं. दुसरी हाक आली नाही. आईने माझं मनगट सोडलं आणि मी काठी पुढे टेकत ओहोळ ओलांडला.