बिचारीला मराठी येत नाही

“एकटी कुठंय मी, आई? समोर बसलीय की एक आपल्याकडची मुलगी. मराठी येत नाही बिचारीला, म्हणून बोलणं होत नाही, एवढंच.”

फोनवर बोलत होती वैशाली, आणि ती समोर बसलेली मुलगी मी. केंब्रिजच्या आमच्या हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात टोस्टला बटर लावत होते — चेहरा अगदी कोरा ठेवून. हे मी आजवर घरी सांगितलेलं नाही. मैत्रिणींना तर नाहीच.

मराठी येत नव्हतं? ठाण्याहून लंडनच्या स्टॅनमोरला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. शाळा तिकडेही इंग्रजी, इकडेही. पण घरी आम्ही भांडायचो ते मराठीतच.

मग?

पहिल्याच आठवड्यात वैशालीनं माझ्या दारावरचं आडनाव वाचलं. परभणीहून पीएचडीला आलेली, स्वेटरवर स्वेटर चढवलेली. “अय्या, मराठी तुम्ही? गाव कोणतं?” माझ्यामागे माझ्या नव्या मैत्रिणी उभ्या होत्या, सगळ्या गोऱ्या. त्यांच्यात मी नुकतीच — कसं सांगू — खपून गेले होते. मी हसून म्हणाले, “सॉरी, आय डोन्ट स्पीक इट.”

दुसऱ्या दिवशी तिचं दार वाजवून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आणि मग ती माझ्यासमोर फोनवर मोकळेपणानं बोलत राहिली. लॅबमधले तिला न विचारता पबमध्ये जातात. ती इंग्रजी बोलायला लागली की कुणीतरी मान वळवून हसतं. तिनं फोडणी दिली की कुणीतरी मुद्दाम खिडकी उघडतं — ते कुणीतरी कधीकधी मीच असायचे. उठून का जात नव्हते मी? खरं सांगते — ऐकायला बरं वाटायचं. घरी असल्यासारखं.

त्याच वर्षी कॉलेजनं नव्या आशियाई आणि आफ्रिकन विद्यार्थ्यांपुढे बोलायला मला उभं केलं. इथे कुणीच परकं नसतं, असं मी छान इंग्रजीत सांगितलं. मागच्या रांगेत वैशाली टाळ्या वाजवत होती.

ईस्टरच्या आधी एकदा ती फोनवर हळूच म्हणाली, “आई, मी परत येऊ का गं? नाही होत आता.” मग ती नुसतीच ऐकत राहिली. मी हात पुढे केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. मी कप विसळत राहिले.

ती पीएचडी सोडून निघाली त्या सकाळी आपला कुकर मला द्यायला आली. पाणी किती, शिट्ट्या किती, हे अडखळत इंग्रजीत समजावून सांगायला लागली. मी तिला मध्येच थांबवलं.

“वैशाली, मला मराठी येतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. तू आईला सांगितलेलं सगळं मी ऐकलंय.”