पत्रावरचं कुंकू

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, अजूनही. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बसवनगुडीत शिलाईचं दुकान. आजोबाही त्याच जागी मशीनवर बसायचे. त्यामुळे बोम्मसंद्रातल्या एका मोठ्या कारखान्याचं नेमणूकपत्र माझ्या फोनवर आलं, तेव्हा अण्णांनी ते छापून आणलं आणि आत्यानं देवापुढं ठेवून त्याला कुंकू लावलं.

आता एवढंच उरलं होतं, की पगारासाठी खातं जोडायचं. लिंक आली होती. तिच्यात बँकेची माहिती आणि मग येईल तो ओटीपी भरायचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला. खातं माझं आणि अण्णांचं जोडीचं होतं. दुकानाचं सगळं त्यातच.

मी भरायला बसले तर आत्या म्हणाली, "तुला बघायला कोण आलं होतं?"

"कुणी नाही. फोनवरच झालं."

"काय काय विचारलं?"

मी आठवून बघितलं. नाव, पत्ता. बाकी फोनवरच्या बाईच बोलत होत्या, आणि इतक्या गोड, की मीही काही विचारलं नव्हतं.

"मुलगी बघायची नाही, विचारायचं नाही, आणि होकार देऊन वर घाई करायची," आत्या म्हणाली. "असं घर मी ऐकलेलं नाही. स्वल्प थांब. आधी बघून येऊ."

"आत्या, नोकरी आहे ही. लग्न नव्हे."

"लग्नात निदान जेवायला तरी मिळतं. चल उद्या."

आमच्यात मुलगी द्यायच्या आधी दोघं-तिघं त्या घरी न सांगता जाऊन येतात. पाणी मागतात, आजूबाजूला चौकशी करतात. आत्यानं अशी पुष्कळ घरं पाहिलीत. त्याच कामासाठी ठेवलेली इस्त्रीची साडी नेसून ती सकाळी मेट्रोत बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत पत्र.

कारखाना खरा होता. फाटकाशी पोचलो तेव्हा पाळी सुटत होती. निळे कोट घातलेल्या बायका बाहेर येत होत्या, कन्नड, तमिळ, हिंदी बोलत, हसत, आणि संपतच नव्हत्या. आत्या बाजूला सरून बघत राहिली.

"एवढ्या बायका," ती म्हणाली. "रोज?"

मी शिकले ते इथं यायला, हे मला तेव्हा कळलं.

पत्र पाहून रखवालदारानं आत फोन लावला. भरती बघणाऱ्या बाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"सही माझीच आहे," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "पण मी केलेली नाही."

आम्ही तिघी त्या कागदाकडे बघत राहिलो. सहीचं शेवटचं वळणसुद्धा हुबेहूब, आणि त्यावर आमचं कुंकू. मला राग यायला हवा होता. पण अंगावर काटा आला तो वेगळाच. कुठंतरी बसून कुणीतरी माझ्यासाठी एवढं बारीक काम केलं होतं. अण्णा बटणाचं काज करतात तितकं बारीक. आणि आत्यानं ते दोन प्रश्नांत उसवलं होतं.

बाईंनी पत्राचा फोटो घेतला, पोलिसांत द्यायला. "आम्ही ओटीपी मागत नाही," त्या म्हणाल्या, "आणि भेटल्याशिवाय कुणाला पत्र देत नाही." मग त्यांनी मला विचारलं, काय शिकलात, प्रोजेक्ट कशावर केला, तो कुठं अडला. मी सांगत गेले. आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "ही विचारते, बघ."

तेवढ्यात फोन वाजला. तोच गोड आवाज, हिंदीत: मॅडम, माहिती भरली का, वेळ संपत आली. आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "आम्ही मुलीकडचे. तुमच्याच दारात उभे आहोत. जरा बाहेर येता का?"

पलीकडून फोन कट झाला. भरतीच्या बाई तोंडावर हात धरून हसत होत्या.

परत जाताना आत्यानं एकदा वळून फाटकाकडे पाहिलं.

"घर मात्र चांगलं आहे," ती म्हणाली. "आपणच अर्ज टाकू. रीतसर."