हरभऱ्याची पिशवी

राजवाड्याजवळ भाजलेल्या हिरव्या हरभऱ्याचा वास आला की मला एक कापडी पिशवी आठवते.

माझा मित्र दिलीप याच्या देपालपूरच्या शेतावरून मी दर हिवाळ्यात ती भरून आणायचो. त्या वर्षी बोअरचं पाणी आटलं, उभा हरभरा वाळला आणि दिलीपच्या घरच्यांनी शेत विकायला काढलं. मी धीर द्यायला गेलो, पण सवयीने पिशवीही नेली. निघताना त्याच्या वडिलांनी पिशवी पाहिली आणि ते शेजारच्या शेतातून हरभरा मागून घेऊन आले.

“काका, राहू द्या ना.”

“अरे भिया, आमच्याकडून खाली हाथ थोडी जाशील!” दिलीप हसत म्हणाला.

शेत वाचवणं माझ्या हातात नव्हतं. पिशवी घरी ठेवून जाणं मात्र होतं.